अधिक सहा

डीजे लोक वापरतात त्या टर्नटेबलच्या उजव्या कडेला एक उभा स्लायडर असतो. लांबी साधारण दहा सेंटिमीटर. मधोमध शून्य. आपल्याकडे ओढला की तबकडी जोरात फिरते, पलीकडे ढकलला की मंद. त्याच्याशेजारी इंग्रजीत ‘पिच’ असं छापलेलं असतं, आणि माझ्या मते संगीताच्या यंत्रांवरचं हे सगळ्यात दिशाभूल करणारं लेबल आहे. कारण डीजेला पिच नकोच असतं. त्याला लय हवी असते. एक गाणं १२४च्या लयीत चाललंय, पुढचं १२८चं आहे, दोघांचे ठोके एकावर एक बसले पाहिजेत, म्हणून तो स्लायडर हलवतो. त्या नादात गाण्याचा स्वरही वरखाली होतो, ते त्यानं नाइलाजानं सहन केलेलं असतं.

मराठीत हा घोळ होत नाही. गायिका तबलजीकडे बघून ‘जरा चढवा’ म्हणाली तर ती लय. पेटीवाल्याला ‘काळी चार घ्या’ म्हणाली तर ती पट्टी. दोन माणसं, दोन सूचना. रेकॉर्डवर मात्र ही दोन्ही माणसं एकाच दोरीनं बांधलेली असतात. खाचेत लाटा कोरलेल्या आहेत, त्यांची संख्या ठरलेली आहे. तबकडी सहा टक्के जोरात फिरवली तर सुईखालून दर सेकंदाला सहा टक्के जास्त लाटा जाणार आणि सहा टक्के जास्त ठोकेही जाणार. एक हलवायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं ही सोय खाचेत नाही.

हे सहा टक्के मुद्दाम घेतले. पेटीवरच्या कुठल्याही पट्टीवरून लगतच्या वरच्या पट्टीवर गेलं की कंपनं ५.९५ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे स्लायडर अधिक सहावर नेला की पांढरी पाचमधलं गाणं काळी चारमध्ये जाऊन बसतं. हा आकडा पुढे लागणार आहे.

आता रेंजबद्दल. स्लायडर टोकाला नेल्यावर वेग जास्तीत जास्त किती बदलेल, ती रेंज. ज्या यंत्रानं हा सगळा व्यवहार ठरवून टाकला ते म्हणजे टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके-२. टेक्निक्स हा जपानच्या मात्सुशिता कंपनीचा, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकचा ब्रँड. मूळ १२०० हे १९७२चं, घरी बसून निवांत ऐकणाऱ्यांसाठी केलेलं. त्यावर वेग बदलायला गोल खुंट्या होत्या. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या पोरांनी आणि डिस्कोवाल्यांनी टर्नटेबल हे वाद्य असल्यासारखं वापरायला सुरुवात केली, आणि १९७९मध्ये आलेल्या एमके-२वर खुंटीच्या जागी लांब स्लायडर आला. रेंज अधिक-उणे आठ टक्के. ही आठची मर्यादा इतकी मुरली की १९९०मध्ये रिची हॉटिन आणि जॉन ॲक्वाविवा यांनी डेट्रॉइटच्या नदीपलीकडे, कॅनडात आपलं टेक्नोचं लेबल काढलं तेव्हा त्याचं नावच ठेवलं ‘प्लस एट’. स्लायडर शेवटपर्यंत खेचलेला.

टेक्निक्सनं २०१०मध्ये ही टर्नटेबलं बनवणं थांबवलं, २०१६मध्ये पुन्हा सुरू केलं आणि २०१९च्या एमके-७वर आठ आणि सोळा अशा दोन रेंज दिल्या. पायोनियरच्या पीएलएक्स-१०००वर तर आठ, सोळा आणि पन्नास अशा तीन आहेत, बटण दाबा आणि बदला. नव्यानं शिकणारी मुलं हमखास पन्नासवर ठेवतात. जास्त मिळतंय तर का सोडा?

इथे मला जरा शिक्षकी करू द्या. स्लायडरची लांबी तीच राहते. आठच्या रेंजमध्ये दहा सेंटिमीटरांत एकूण सोळा टक्के मावतात, म्हणजे बोट एक मिलिमीटर हललं की वेग ०.१६ टक्क्यानं बदलतो. १२८च्या लयीत हे ०.२ बीट. सोळाच्या रेंजमध्ये ०.४. आणि पन्नासमध्ये एक मिलिमीटर म्हणजे अख्खा एक टक्का, जवळजवळ १.३ बीट. दोन गाणी दोन-तीन मिनिटं एकत्र चालवायची असतील तर ०.१ बीटचा फरकसुद्धा हळूहळू उघडा पडतो, दोन ढोल एकमेकांपासून सुटायला लागतात. पन्नासच्या रेंजवर ते सावरणं म्हणजे बोटातले हातमोजे न काढता सुईत दोरा ओवणं. स्वस्तातल्या डिजिटल कंट्रोलरवर अजून गंमत. त्यातले काही स्लायडरची जागा फक्त १२८ पायऱ्यांत मोजतात. आठच्या रेंजला एक पायरी म्हणजे पाव टक्क्याचा अर्धा भाग, चालून जातं. पन्नासला पाऊण टक्क्याच्या वर. तुम्ही कितीही अलगद सरकवा, लय जिना चढल्यासारखी चढणार.

म्हणून मी आठवाला आहे. माझ्याकडे एक एमके-२ आहे, मुंबईत लग्नाच्या पार्ट्या वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी काम आटोपतं घेताना विकलेलं. जोडी परवडली नाही. त्यामुळे एका बाजूला रेकॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवर मिक्स नावाचं (शेवटी तीन ‘एक्स’ असलेलं) फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंगमध्ये रेंजची यादी उघडली तर सहा टक्क्यांपुढे कंसात ‘सेमीटोन’ आणि आठपुढे कंसात टेक्निक्सच्या टर्नटेबलचं नाव दिसतं. ज्या कुणी लिहिलंय त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

जाता जाता गोव्याचं. तिथल्या किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या पार्ट्यांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत रेकॉर्ड फारशा नव्हत्याच. उन्हात त्या वाकतात. डीजे कॅसेट आणि पुढे डॅट टेपवर वाजवायचे, गोवा गिल तर डॅटलाच चिकटून राहिला. त्या यंत्रांना असा स्लायडर नसायचा. त्यामुळे ठोक्यावर ठोका बसवायचा प्रश्नच नाही, एक गाणं विरत जायचं आणि दुसरं उगवायचं. म्हणजे पिचच्या स्लायडरशिवायही लोक सकाळपर्यंत नाचलेले आहेत. हे मी स्वतःलाच अधूनमधून सांगतो.

तर त्या लेबलवरचा ‘पिच’ हा शब्द मला पहिल्यांदा खरा वाटला तो सांगलीत, आईच्या घरी.

आई गाणं शिकवते. घरातच, संध्याकाळी, गांधर्वच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींना. मिरजेहून आणलेले दोन तानपुरे आहेत, पण रोजचं काम पेटीवर आणि मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर. तीस वर्षं एकाच पेटीवर काळी चार दाबून ‘सा’ म्हटल्यामुळे ती पट्टी तिच्या कानात खिळ्यासारखी ठोकलेली आहे. कुकरच्या शिट्टीची पट्टी सांगते. लहानपणी मला हे सगळ्यांच्याच आयांना येतं असं वाटायचं.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या गालात वीज चमकायला लागली. हा तिचाच शब्द. दात घासताना, गार पाणी तोंडात घेतल्यावर, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी. दोन-चार सेकंदांची कळ, पण ती येऊन गेल्यावर पुढची कधी येईल या धसक्यानं माणूस बोलायचं बंद होतं. दातांच्या डॉक्टरांना दातात काही सापडलं नाही. न्यूरॉलॉजिस्टनं नाव सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी नस विनाकारण पेटते. यावर पहिल्यांदा दिलं जाणारं औषध कार्बामॅझेपीन, जे फिट्सवरही देतात. गोळी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं की तिनं गार ताक प्यायलं. आम्ही दोघंही फोनवर काही वेळ गप्प होतो.

पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं, पेटी उतरलीय.

पेटी दुरुस्त करणारे काका आले, भाता बघितला, सूर तपासले, मोबाइलवरच्या ॲपशी ताडून दाखवले. पेटी जागेवर होती. मग मोबाइलचा तानपुरा उतरला. मग दाराची बेल. ‘अरे, कुकरसुद्धा उतरलाय,’ असं ती म्हणाली तेव्हा आम्ही हसलो, आणि ती हसता हसता थांबली. ‘सगळंच एका पट्टीनं खाली गेलंय. मी काळी चार दाबते आणि मला पांढरी पाच ऐकू येते.’

मी शोधलं. या औषधाचा हा दुर्मीळ पण नोंदलेला परिणाम आहे. नव्वदच्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याची प्रकरणं आलेली आहेत, त्यातली बरीचशी जपानमधली. रुग्णाला सगळे स्वर साधारण अर्ध्या स्वरानं उतरलेले ऐकू येतात आणि औषध बंद झालं की बहुतेक वेळा पूर्ववत होतं. तक्रार करणारे बहुतेक लहानपणापासून संगीत शिकलेले, स्वर ऐकल्याबरोबर त्याचं नाव सांगू शकणारे लोक. बाकीच्यांनाही होत असेल, पण कळणार कसं? सगळं जगच एका मापानं खाली सरकलं तर सा आणि प यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. ज्याच्या डोक्यात पट्टीची आठवण पक्की आहे त्यालाच कळतं की काहीतरी हललंय. तीस वर्षांच्या रियाजाचं बक्षीस म्हणून हा परिणाम जाणवतो, असं म्हणायला हवं.

न्यूरॉलॉजिस्टनी तिचं ऐकून घेतलं, उडवून लावलं नाही. डोस कमी करून बघता येईल, औषध बदलता येईल, किंवा आहे तसं चालू ठेवता येईल, म्हणाले. आईनं तिसरं निवडलं. ‘ती वीज परत नको.’ यावर मी काही बोलू शकत नव्हतो. गाल माझा नव्हता.

मी बोलू शकत होतो ते स्लायडरबद्दल. तिचं ऐकणं एका पट्टीनं उतरलंय. एक पट्टी म्हणजे ५.९५ टक्के. माझ्याकडे एक यंत्र आहे जे रेकॉर्डला अधिक आठपर्यंत चढवतं. अकरा-बारा किलोंचं ते धूड पांघरुणात गुंडाळून मी पुण्याहून सांगलीला रेल्वेनं नेलं. आईच्या एलपी कपाटात होत्याच. टेपरेकॉर्डर आल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता.

किशोरीताईंची एक एलपी लावली. स्लायडर शून्यावर. शून्याला एक बारीक खटका असतो आणि हिरवा दिवा लागतो. आई म्हणाली, उतरलंय. मी स्लायडर हळूहळू ओढत अधिक सहावर आणला. आलाप चालू होता, तो एखाद्या लिफ्टसारखा वर येत गेला. आईनं डोळे मिटले. काही वेळानं म्हणाली, ‘ही. ही त्या.’

मग डोळे उघडून म्हणाली, ‘पण पूर्ण नाही. केसभर खाली आहे.’

मला वाटलं, आता हा औषधाचा अर्धवटपणा. पण तिनं पेटी ओढून घेतली. शून्यावर असताना रेकॉर्डचा सा पेटीच्या एका पट्टीशी जुळत होता, हे तिनं आधीच बघून ठेवलेलं. मग अधिक सहाला तो शेजारच्या पट्टीशी जुळायला हवा. तिनं ती पट्टी दाबून धरली. दोन्ही आवाज एकत्र आले आणि त्यांच्यात हेलकावे ऐकू यायला लागले, सेकंदाला एक-दीड. दोन स्वर जवळजवळ सारखे पण अगदी सारखे नसले की हे होतं. पेटीही तिला उतरलेलीच ऐकू येते आणि रेकॉर्डही, त्यामुळे इथे गोळीचा संबंध नाही. हेलकावा मलाही ऐकू येत होता. चूक यंत्राची होती.

एमके-२च्या तबकडीच्या कडेवर ठिपक्यांच्या चार ओळी असतात: अधिक ६, अधिक ३.३, शून्य आणि उणे ३.३. बाजूच्या छोट्या मनोऱ्यातून त्यांच्यावर लाल लुकलुकता प्रकाश पडतो. वेग त्या ओळीशी जुळला की ती ओळ जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते, लग्नाच्या मिरवणुकीत रोषणाईच्या झगमगाटात नाचणारे थिजल्यासारखे दिसतात तशी. मी खाली वाकून बघितलं. स्लायडर सहाच्या रेघेवर, पण सहाची ओळ थांबलेली नव्हती. तबकडी फिरत होती त्याच्या उलट दिशेनं ती रेंगाळत मागे जात होती. म्हणजे यंत्र सहा दाखवून सव्वापाच-साडेपाचच देत होतं. चाळीस वर्षांच्या आसपास वय झालेल्या स्लायडरची रेंज आकसली होती. इतकी वर्षं मी ठोके कानानं जुळवत आलोय, आकडा बघून नाही, म्हणून माझं कधी अडलं नाही.

दुरुस्ती अवघड नाही, किचकट आहे. या टर्नटेबलमध्ये पट्टा नसतो. तबकडी हाच मोटारचा फिरणारा भाग, तिच्या पोटाला चुंबक बसवलेलं आणि खाली वेटोळी. तबकडी उचलायची, खालचं झाकण काढायचं, आतल्या सर्किटवर रेंज ठरवणारा एक छोटासा प्रीसेट असतो, तो बारीक स्क्रूड्रायव्हरनं अगदी किंचित फिरवायचा. मग परत सगळं बसवून बघायचं. आत मेनचा करंट असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काढा, फिरवा, घाला, बघा. असं सहा-सात वेळा झालं. आई शेजारी बसून ठिपके बघत होती. ‘आता पुढे पळतायत.’ ‘आता मागे.’ ‘थांब. थांबले.’ मग पेटीवर तीच पट्टी दाबली. हेलकावा गेला होता.

त्या दिवशी दुपारभर ती अधिक सहावर ऐकत बसली. चहा गरम असतानाच प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लय आडवी आली. ते होणारच होतं. पट्टी चढवली की दोरीला बांधलेली लय चढणारच. विलंबितात तिला काही वाटलं नाही. ४८ सेकंदांचं आवर्तन ४५ सेकंदांत येतं, पण विलंबितात गायक स्वतःच तेवढा खेळतो. द्रुत सुरू झाल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. ‘बाईंना गाडी पकडायचीय का?’ म्हणाली. तबलजीची बोटं नेहमीपेक्षा हलकी वाटतात, तानेतला दाणा पुरता उमलायच्या आत पुढचा येतो. सहा टक्के हा आकडा कागदावर छोटा दिसतो. क्लबमध्ये नाचणाऱ्याला कळतही नाही. रोज तेच ऐकलेल्या कानाला ते सोसत नाही.

डीजेंच्या जगात यावर उत्तर आहे. नव्वदच्या दशकात पायोनियरनं सीडी प्लेअरवर ‘मास्टर टेंपो’ दिलं: लय बदला, पट्टी हलणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याची उलटी बाजूही मिळते, पट्टी बदला, लय हलणार नाही. दोरी कापली जाते. मी तीच एलपी लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, मिक्समध्ये टाकली, पट्टी एकनं वर, लय जशीच्या तशी. कागदावर हे परिपूर्ण उत्तर होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते दाखवायची घाई झाली होती.

आईनं दोन मिनिटं ऐकलं. ‘तबला ओला झालाय.’

तिला आतलं काही माहीत नाही, पण तिनं बरोबर बोट ठेवलं. हे सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतं, सेकंदाच्या काही शतांशांचे, आणि ते एकमेकांवर चढवून किंवा पसरवून पुन्हा शिवतं. लांब, संथ स्वराला ही शिवण दिसत नाही. पण ‘ना’चा आघात, ‘तिरकिट’चे अक्षर न् अक्षर, तानपुऱ्याच्या जवारीचा झंकार, या सगळ्या गोष्टी नेमक्या त्या तुकड्याएवढ्याच लहान असतात. त्या पुसट होतात. मी दोन-तीन वेगळे पर्याय लावून बघितले. एकात तबला सुधारला तर तानपुरा पाण्याखाली गेला. आई शेवटी म्हणाली, ‘तुझं लॅपटॉपवालं राहू दे. विलंबित लाव आणि द्रुत आलं की उचल.’ काही दिवस तिनं असंच ऐकलं. अर्धे राग.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली जी माझ्या गणितात नव्हती. वरच्या सप्तकात फरक एका पट्टीपेक्षा जास्त वाटतो, खर्जात कमी. म्हणजे तिचं ऐकणं सरळ एका मापानं उतरलेलं नाही, ते वरच्या बाजूला जास्त कललंय. स्लायडर सगळ्याला सारखाच गुणतो. त्यामुळे अधिक सहाला मधलं सप्तक जागेवर, तार सा तरीही किंचित उदास.

माझ्या दृष्टीनं ही ऐकण्याची सोय होती. तिच्या दृष्टीनं त्यात शिकवणं अडकलेलं होतं, आणि ते तिनं बरंच उशिरा सांगितलं. गळ्याला काळी चारची सवय आहे, तिथे कुठे ताण येतो ते स्नायूंना ठाऊक आहे. कान म्हणतात ही पांढरी पाच. मुलींना ‘सा लावा’ म्हणताना ती कानाचं ऐकायला लागली, आणि मोबाइलमधला तानपुरा हळूच एका पट्टीनं वर, पांढरी सहावर, करायला लागली, म्हणजे तिला तो काळी चारसारखा ऐकू येईल. एका मुलीनं चौथ्या दिवशी विचारलं, ‘ताई, आज वरचा सा का लागत नाहीये?’ परीक्षा जवळ आलेली, पोरींचे गळे ताणलेले. त्या संध्याकाळी तिनं पेटीच्या काळी चारवर पेनानं ठिपका केला, तानपुरा परत खाली आणला आणि कानाला काय वाटतंय ते न विचारता नुसत्या अंतरांवर शिकवायला सुरुवात केली. सा कुठला ते पेटी सांगेल, रे-ग-म कुठे ते मी सांगेन. जमतं म्हणाली. ‘पण परक्याच्या घरात स्वयंपाक केल्यासारखं होतं. डबे सगळे आहेत, हात भलतीकडे जातो.’

परीक्षा पार पडल्यावर तिनंच न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. डोस कमी करून बघू या. हे औषध मनानं कमीजास्त करायचं नसतं, त्यांनी टप्पे लिहून दिले. प्रत्येक टप्प्यानंतर दहा-बारा दिवस थांबायचं, गालाकडे लक्ष ठेवायचं.

कानाकडे लक्ष ठेवायची पद्धत आईनं स्वतः काढली. स्लायडरच्या कडेला तिनं कागदी चिकटपट्टी लावली. दर रविवारी सकाळी तीच एलपी, तोच आलाप, डोळे मिटून स्लायडर हलवायचा, ‘ही त्या’ वाटलं की थांबायचं आणि तिथे पेन्सिलीनं रेघ आणि तारीख. पहिली रेघ सहावर. मग साडेपाचच्या जवळ. मग पाच. मला ती दर रविवारी फोटो पाठवायची, बरोबर एक शब्दही न लिहिता. आठच्या रेंजचा इतका उपयोग मी पुण्यात कधी केला नसेल. तिच्या रेघा तीन-तीन मिलिमीटरच्या अंतरानं आहेत. पन्नासच्या रेंजवर त्या सगळ्या एकाच रेघेखाली दबल्या असत्या.

मग एका रविवारी फोटो आला नाही. सोमवारी कळलं, चूळ भरताना वीज आली होती. एक टप्पा परत वर. तीन आठवडे शांत. मग पुन्हा अर्धा टप्पा खाली, आणि तिथे ती थांबली आहे. दात कोमट पाण्यानं घासायचे, थेट पंख्याखाली बसायचं नाही, एवढं पाळलं तर गाल गप्प असतो.

सध्याची रेघ साडेतीनच्या जरा अलीकडे आहे. तिथे ठिपक्यांची ओळ आहेच, ३.३ची. त्यामुळे आता ती आकडा किंवा रेघ बघत नाही, खाली वाकून ठिपके थांबेपर्यंत स्लायडर ओढते. या जागेवर द्रुतही चालतं म्हणते, बाईंची गाडी चुकत नाही. गैरसोय एवढीच की ३.३ टक्के म्हणजे धड ही पट्टी नाही धड ती नाही, रेकॉर्डचा सा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध येतो. त्यामुळे रेकॉर्ड चालू असताना पेटीला हात लावायचा नाही, भाता बांधून ठेवलेला.

टर्नटेबल सांगलीतच आहे. परवा आईचा फोन आला, किशोरीताईंचा ‘स’ बोचायला लागलाय म्हणाली.

मी विचारलं, ‘गोळी की सुई?’

‘सुईच,’ ती म्हणाली. ‘गोळीचं मला आता कळतं.’

नवी सुई मागवलीय. गुरुवारपर्यंत पोचेल.